इंग्रजी कवितेची उजळणी आणि रसग्रहण

(उच्च प्राथमिक वर्गांना इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे इंग्रजीच्या तासाचे रूप पालटते. वर्षभर ज्या कविता मुलांनी टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटल्या, त्या आता वहीतील टिपणांच्या रूपाने पुढे येतात. कवितेचे नाव, कवीचे नाव, यमकांची रचना, एक अलंकार आणि चार ओळींचा सारांश एवढे फळ्यावर लिहिले जाते, मुले ते उतरवून घेतात, पाठ करतात, आणि कवितेची उजळणी झाली असे आपण मानतो. या सर्व खटाटोपात मूळ कविता एकदाही उघडली जात नाही. उजळणी होते ती कवितेविषयी दुसऱ्या कोणी लिहिलेल्या वाक्यांची.

याचा परिणाम कोणत्याही वर्गात दिसून येतो. एखादा चुणचुणीत विद्यार्थी रसग्रहणाचे उत्तर न अडखळता म्हणून दाखवितो. कवीला आनंद झाला आहे, असे त्याच्या उत्तरात असते. तो आनंद कवितेतील कोणत्या शब्दावरून कळला, एवढे विचारले की तो गप्प होतो. हा दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे. त्याला उत्तर दिले गेले, परंतु त्या उत्तरापर्यंत जाणारी वाट कोणी दाखविली नाही. आजच्या विवेचनाचा विषय ती वाट हा आहे.

परीक्षा नेमके काय विचारते?

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजीचा प्रवेश झाला. त्यामुळे इंग्रजी कवितेशी मुलाची पहिली भेट आता प्राथमिक शिक्षकाच्याच तोंडून होते. पुढे हेच मूल माध्यमिक शालान्त परीक्षेला बसते. 2019 च्या मार्चमधील परीक्षेपासून दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेचा जो नवा आराखडा आला, त्यात रसग्रहणाला पाच गुण ठेवण्यात आले. शीर्षक आणि कवी यांना अर्धा अर्धा, यमकरचनेला एक, अलंकाराला एक आणि मध्यवर्ती कल्पनेला दोन, अशी ती वाटणी आहे.

या पाच गुणांकडे बारकाईने पाहिले तर पाठांतराचा हक्क फक्त एका गुणावर पोहोचतो. कवितेचे आणि कवीचे नाव ठाऊकच असावे लागते. त्याला इलाज नाही. यमक मात्र कानाने ऐकता येते, अलंकार डोळ्यांसमोरच्या ओळीत सापडतो आणि मध्यवर्ती कल्पना मनाने शोधता येते. म्हणजे पाचांपैकी चार गुण कविता वाचता येण्याचे आहेत. ज्याला वाचता येते त्याला ते कोणत्याही कवितेवर मिळतात. ज्याने केवळ पाठ केले, त्याच्या दोन कवितांच्या उत्तरांची सरमिसळ झाली की चारही गुण एकदम जातात.

तयार उत्तराचा आणखी एक धोका आहे. मार्गदर्शक पुस्तिकेतील एक चूक एका वेळी सबंध वर्गाची चूक होते. यमकरचनेचा एक ठरीव साचा मुले सर्व कवितांना लावतात. पण यमक नसलेल्या कविताही इंग्रजीत विपुल आहेत. रवींद्रनाथ टागोरांनी 1912 साली इंग्रजी ‘गीतांजली’ प्रसिद्ध केली. तीतील ज्या कवितेत देशाच्या जागृतीसाठी प्रार्थना आहे, ती त्यांच्या 1901 सालच्या ‘नैवेद्य’ या बंगाली संग्रहातून आलेली आहे. बंगालीत तिला यमक आहे. इंग्रजीत आणताना कवीनेच ते सोडून दिले आणि लयबद्ध गद्याचे रूप पत्करले. अशा कवितेखाली ‘ए-ए-बी-बी’ असे लिहून येणाऱ्या मुलाने ती कविता कानांनी कधी ऐकलीच नाही, हे परीक्षकाला पहिल्या ओळीतच कळते.

अडचण केवळ खेड्यातील मुलाची नव्हे

इंग्रजी ही परकी भाषा, घरी तिचा शब्द नाही, तेव्हा आपल्या मुलांना एवढेच जमायचे, असा एक निराशेचा सूर शिक्षकांत ऐकू येतो. या संदर्भात इंग्लंडमधील एक प्रयोग ध्यानात घेण्यासारखा आहे. केंब्रिज विद्यापीठातील अध्यापक आय. ए. रिचर्ड्स यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना काही कविता वाटल्या. त्यांवर कवीचे नाव नव्हते, काळ नव्हता. आठवडाभर वाचून कवितेविषयी काय वाटते ते मोकळेपणाने लिहून आणावे, एवढेच सांगितले होते. ही उत्तरे तपासून त्यांनी 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ लिहिला. कविता वाचणाऱ्यांच्या दहा अडचणींची यादी त्यांनी त्यात दिली. त्या यादीत पहिले स्थान कशाला आहे? कवितेचा सरळ, साधा अर्थ न लागणे, याला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी होती आणि बहुतेक जे इंग्रजी साहित्याचेच विद्यार्थी होते, त्यांचीही पहिली ठेच याच दगडाला लागली. सरळ अर्थ हाती नसताना त्यांनी कवितेच्या भावनेविषयी आणि तंत्राविषयी खुशाल मते दिली.

यावरून आपला क्रम आपोआप ठरतो. आधी सरळ अर्थ, मग नाद, मग अलंकार, आणि शेवटी मध्यवर्ती कल्पना. वर्गात बहुधा याच्या उलट घडते. सारांश आधी सांगितला जातो आणि कविता त्याला पुरावा म्हणून नंतर वाचली जाते.

हा क्रम कसा चालवावा हे एका कवितेवर पाहू. विल्यम वर्ड्‌स्वर्थ या इंग्रज कवीची डॅफोडिल फुलांवरची कविता शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या आलेली आहे आणि बहुतेक शिक्षकांच्या परिचयाची आहे. तिच्यात सहा ओळींची चार कडवी आहेत.

पहिली पायरी: सरळ अर्थ

पहिल्या वाचनाच्या वेळी मुलांची पुस्तके मिटलेली असावीत. शिक्षकाने कविता सावकाश, स्पष्ट, दोनदा वाचावी. नंतर मुलांनी पुस्तक उघडावे आणि शिक्षकाने मराठीतून चारच प्रश्न विचारावेत. कोण बोलतो आहे? तो कोठे आहे? त्याला काय दिसले? शेवटी काय झाले? उत्तरे मराठीत आली तरी चालतील. किंबहुना या पायरीवर ती मराठीतच यावीत. अर्थ मनात मातृभाषेत रुजला, तर तो इंग्रजीत मांडणे पुढच्या पायरीचे काम आहे. तो मुळात रुजलाच नाही, तर मांडायला काहीच उरत नाही.

डॅफोडिल हे फूल मुलांनी पाहिलेले नसते. ते थंड प्रदेशात वसंत ऋतूत उमलणारे पिवळे फूल आहे आणि कंदापासून येते, एवढे सांगावे. पण एवढ्याने चित्र उभे राहत नाही. भाद्रपद-आश्विनात डोंगरउतारावर कारळ्याचे शेत फुलून पिवळेधमक झालेले ज्या मुलाने पाहिले आहे, त्याला कवीची अवस्था सांगावी लागत नाही. वारा सुटला की ते सबंध शेत कसे हलते, एवढे त्यालाच विचारावे. ज्या भागात कारळा नाही तेथे सूर्यफूल असेल, मोहरी असेल. मात्र कविता कारळ्याची नाही, हेही शेवटी सांगावे. आपल्या शेतावरून निघून मुलाने कवीच्या सरोवराकाठी पोहोचावे. वाटेतच थांबू नये.

दुसरी पायरी: नाद

यमक हे कानाचे काम आहे, डोळ्यांचे नव्हे. इंग्रजीत तर हे विशेष खरे, कारण तेथे लेखन आणि उच्चार यांची फारकत आहे. मराठी मूल अक्षर पाहून उच्चार करते. तीच सवय ते इंग्रजीकडे नेते आणि शेवटची अक्षरे जुळतात की नाही एवढेच पाहते. वर्ड्‌स्वर्थच्या पहिल्याच कडव्यात ही सवय उघडी पडते. ‘क्लाउड’ आणि ‘क्राउड’ यांचे यमक आहे, पण दोहोंचे शेवटचे लेखन निराळे. ‘ट्रीज’ आणि ‘ब्रीझ’ यांचे यमक आहे, तेथेही लेखन निराळे. त्या कडव्यातील तिन्ही जोड्या अशाच आहेत. डोळ्यांवर विसंबणाऱ्याला तेथे एकही यमक सापडणार नाही. याच्या उलट ‘कम’ आणि ‘होम’ या इंग्रजी शब्दांची शेवटची तीन अक्षरे एकच असून त्यांचे यमक होत नाही.

तेव्हा यमकरचना शोधविताना पुस्तक मिटवावे. शिक्षकाने प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मोठ्याने म्हणावा. नवा नाद आला की मुलांनी नवे अक्षर सांगावे आणि जुना नाद पुन्हा आला की जुनेच सांगावे. सहा ओळी झाल्या की फळ्यावर ‘ए-बी-ए-बी-सी-सी’ आपोआप उभे राहते. हे मुलांनी स्वतः शोधलेले असते, म्हणून ते विसरत नाहीत. शिवाय पुढच्या कवितेला हीच रीत लागू पडते. सर्व शेवट निरनिराळे आले, तर यमक नाही असे निर्भयपणे लिहावे, हेही त्यांना सांगितले पाहिजे. शेक्सपिअरच्या नाटकांतील पुष्कळशी भाषणे अशी यमकहीन आहेत. ओळीत साधारणपणे दहा अवयव आणि पाच आघात, हा त्यांचा बंध असतो.

आघाताविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मराठी वृत्तांचे मोजमाप लघु-गुरूंवर किंवा मात्रांवर चालते; अभंग अक्षरांच्या संख्येवर चालतो. इंग्रजी ओळ मात्र आघातांवर चालते. शब्दाच्या एका भागावर जोर पडतो आणि बाकीचे भाग हलके जातात. या कवितेच्या प्रत्येक ओळीत चार आघात आहेत. शिक्षकाने वाचताना जोराच्या जागी मेजावर हलकेच बोट आपटावे. चार-सहा ओळींत मुलांची बोटे त्या ठेक्यावर चालू लागतात. यासाठी परीक्षेत स्वतंत्र गुण नाहीत, हे खरे. परंतु ठेका सापडला की ओळ लक्षात राहते, आणि ज्याला ओळी आठवतात त्याला बाकीचे सर्व त्यांतून काढता येते.

अनुप्रासालाही हाच नियम आहे. ‘किंग’ आणि ‘नाइफ’ हे शब्द इंग्रजीत एकाच अक्षराने लिहिले जातात. परंतु दुसऱ्यात ते अक्षर मुके आहे, म्हणून त्यांचा अनुप्रास होत नाही. अनुप्रास उच्चारांचा असतो, एवढे एक वाक्य मुलांच्या मनावर ठसले तर उत्तरपत्रिकांतील पुष्कळ चुका टळतील.

तिसरी पायरी: अलंकार

अलंकार ओळखणे या कामात मराठी माध्यमाचे मूल मागे नाही; ते पुढेच आहे. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती, अनुप्रास ही मंडळी त्याला मराठीच्या तासाला भेटलेली असतात. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सोनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, अशी ओळख करून दिली की अर्धे काम होते. मराठीत ‘सारखा’, ‘सम’, ‘प्रमाणे’ हे शब्द उपमेची खूण देतात, तशी इंग्रजीत ‘लाइक’ आणि ‘ॲज’ हे शब्द देतात. एके ठिकाणी मात्र दोन भाषांची वाटणी जुळत नाही. ‘जणू’ आले की मराठीत उत्प्रेक्षा म्हणतात. इंग्रजीत ‘ॲज इफ’ने जोडलेली कल्पनाही शालेय पातळीवर बहुधा सिमिलीतच घालतात. हा भेद शिक्षकाने आधीच सांगून ठेवावा, म्हणजे मुलाचा गोंधळ होणार नाही.

परंतु अलंकाराचे नाव सांगणे हा अभ्यासाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. नावानंतरचा प्रश्न असा, की या अलंकाराने येथे काय साधले? आपल्या कवितेत कवी स्वतःला ढगाची उपमा देतो. कोणत्या ढगाची? वर एकट्याने तरंगणाऱ्या ढगाची. ढगच का? मुलांना विचारावे. ढगाला कोठे जायचे नसते, त्याला सोबत नसते, तो जमिनीपासून दूर असतो आणि वरून सर्व काही पाहतो. ही उत्तरे मुलेच देतात. ज्यांनी पावसाची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावले आहेत, त्यांना ढग शिकवावा लागत नाही. याच्या विरुद्ध फुले घोळक्याने आहेत, माणसांसारखी नाचतात, माना डोलवितात. ही चेतनगुणोक्ती झाली. म्हणजे एका बाजूला एकटा, अलिप्त माणूस आणि दुसऱ्या बाजूला माणसांसारखी गजबजलेली फुले. हे दोन अलंकार एकमेकांसमोर ठेवले की कवितेचे निम्मे मर्म हाती येते. एका दृष्टिक्षेपात दहा हजार फुले दिसल्याचे कवी सांगतो. त्याने ती मोजली नाहीत. मोजता येऊ नयेत इतकी होती, हेच त्याला सांगायचे आहे. म्हणून ती अतिशयोक्ती.

कवी शब्द कसा निवडतो याचे एक उत्तम उदाहरण याच कवितेच्या इतिहासात आहे. 1807 साली ती प्रथम छापली गेली तेव्हा तिला तीनच कडवी होती आणि पहिल्या कडव्यात फुलांना ‘नाचणारी’ या अर्थाचे विशेषण होते. 1815 साली कवीने ते काढून ‘सोनेरी’ या अर्थाचे घातले आणि ताऱ्यांची उपमा असलेले एक नवे कडवे जोडले. हा बदल त्याने का केला असेल, असा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांना विचारून पाहावा. पुढे त्याच कडव्यात नाच येतोच आहे, मग तो आधी कशाला, असे कोणी म्हणेल. रंग सांगितलाच नव्हता, तो आता आला, असे दुसरा म्हणेल. दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत, कारण दोन्ही कवितेकडे पाहून दिलेली आहेत. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवून पाहणे, हीच काव्यविश्लेषणाची सर्वांत सोपी आणि बिनखर्ची रीत होय.

चौथी पायरी: मध्यवर्ती कल्पना

मध्यवर्ती कल्पना ही सारांशाहून निराळी असते. कवी फिरायला गेला, त्याने फुले पाहिली, त्याला आनंद झाला, हा सारांश. एवढ्यावर दोन गुण मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. मध्यवर्ती कल्पना सापडण्याची जागा बहुधा कवितेच्या वळणावर असते. ते वळण शोधायला व्याकरण उपयोगी पडते. या कवितेत कवीने आपल्या अनुभवाची हकिगत तीन कडवी भूतकाळात सांगितली आहे. चौथ्या कडव्यात क्रियापदे वर्तमानकाळात येतात. कवी आता सरोवराकाठी नाही. तो घरी आडवा पडला आहे, मन रिकामे किंवा विचारात आहे, आणि तीच फुले मनश्चक्षूंपुढे पुन्हा येतात. काळ बदलला तेथे कविता वळली. जे क्रियापदांचे काळ आपण व्याकरणाच्या तासाला घोकून घेतो, ते येथे अर्थाची किल्ली होतात.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कवितेच्या आरंभी कवी एकटा आहे आणि शेवटच्या कडव्यातही तो एकटाच आहे. पण दोन ठिकाणी इंग्रजी शब्द निराळे आहेत. हा भेद सांगायला मराठीत सुदैवाने दोन उत्तम शब्द आहेत. आरंभी आहे तो एकाकीपणा, आणि शेवटी आहे तो एकांत. एकाकीपणा माणसाला खायला उठतो, तर एकांत तो आपणहून शोधतो. एकाकीपणाचा एकांत कशाने झाला? मधल्या काळात पाहिलेल्या सौंदर्याच्या आठवणीने. डोळे भरून पाहिलेले सौंदर्य स्मरणात साठून राहते आणि पुढे एकटेपणीही माणसाला आनंद देते, ही या कवितेची मध्यवर्ती कल्पना. मुलाच्या तोंडून हे वाक्य मराठीत आले की त्याचे दोन सोपी इंग्रजी वाक्ये करणे हे शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून करायचे काम आहे.

कवीच्या चरित्राचा उपयोग कितपत करावा, याचाही निर्णय येथे होतो. वर्ड्‌स्वर्थने ही फुले 15 एप्रिल 1802 रोजी इंग्लंडच्या वायव्येकडील अल्सवॉटर सरोवराच्या काठी पाहिली. त्या वेळी त्याची बहीण डोरोथी त्याच्याबरोबर होती आणि तिने आपल्या रोजनिशीत त्या दृश्याचे सुरेख वर्णन केले आहे. कविता लिहिली गेली 1804 साली, म्हणजे दोन वर्षांनी. तिच्यातील दोन ओळी पत्नी मेरी हिने सुचविल्याचे कवीने स्वतः सांगितले आहे. म्हणजे प्रत्यक्षात कवी एकटा नव्हता. कवितेतील बोलणारा मात्र एकटा आहे. मुलांनी यावरून एवढे शिकावे की कविता ही रोजनिशी नव्हे. उत्तरात कवितेतील एकटेपणाविषयी लिहावे. कवी त्या दिवशी एकटाच फिरायला गेला होता, असे लिहू नये. चरित्राची एक ओळ पुरे. पाच गुणांच्या उत्तरात तिच्याहून अधिक जागा चरित्राला देणे म्हणजे प्रश्न चुकविणे होय.

उजळणी कशी करावी?

आता उजळणीच्या पद्धतीकडे वळू. पुन्हा पुन्हा वाचणे म्हणजे उजळणी, अशी आपली समजूत आहे. 2006 साली अमेरिकेतील हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वारंवार वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. प्रयोगातील उतारे गद्य होते. तथापि त्यापासून घ्यायचा धडा आपल्या कामाला पुरेसा आहे. वाचताना येते असे वाटते. खरोखर येते की नाही, ते पुस्तक मिटल्यावरच कळते.

दोन-दोन वर्ग एका शिक्षकाकडे असलेल्या शाळेतही पुढील योजना चालू शकते. तिला दिवसाला दहा मिनिटे पुरतात.

पहिल्या दिवशी कविता मोठ्याने वाचावी आणि पुस्तक मिटून मुलांनी पाटीवर आठवतील ते शब्द लिहावेत. ओळी पूर्ण नसल्या तरी चालेल. मग पुस्तक उघडून काय सुटले ते त्यांनीच पाहावे. दोन दिवसांनी जोडीने बसावे. एकाने कवितेतील एक शब्द सांगावा, दुसऱ्याने तो कोणत्या कडव्यात, कशाविषयी आला आहे ते सांगावे. एका जोडीत चांगले वाचणारा आणि अडखळणारा असे दोघे असावेत. समजावून देणाऱ्याचाही अभ्यास त्यात पक्का होतो. आठवड्याने पुस्तक न पाहता यमकरचना, एक अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना यांवर एकेक वाक्य लिहावे. पंधरा दिवसांनी पूर्ण उत्तर लिहावे. दरम्यान दुसरी कविता पहिल्या दिवसावर आलेली असते. अशा रीतीने कवितांचे चक्र फिरत राहते आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात डोंगर कोसळत नाही.

या चक्रात एखादी न शिकविलेली सोपी कविताही अधूनमधून घालावी. ग्रंथपेटीतील जुन्या पाठ्यपुस्तकांत अशा कविता पुष्कळ सापडतात. अनोळखी कवितेचे सरळ अर्थाचे चार प्रश्न मुलाने स्वतःच स्वतःला विचारले आणि निम्मी उत्तरे जरी मिळविली, तरी तयार उत्तराची काठी त्याच्या हातून गळून पडली असे समजावे.

उत्तर लिहिताना

उत्तरात वाक्ये थोडी आणि सोपी असावीत. प्रत्येक विधानाला कवितेतील एका शब्दाचा आधार असावा. ‘कविता फार सुंदर आहे’, ‘कवी महान आहे’, ‘भाषा सोपी व सरळ आहे’, अशी वाक्ये कोणत्याही कवितेखाली लिहिता येतात. म्हणून ती कोणत्याच कवितेविषयी काही सांगत नाहीत. त्याऐवजी, फुलांना नाचविल्यामुळे ती कवीची सोबती वाटतात, असे एक वाक्य मोडक्या इंग्रजीत लिहिले तरी ते त्या कवितेचे आहे. तपासताना शिक्षकाने या वाक्याखाली प्रथम शाबासकीची खूण करावी आणि व्याकरणाची दुरुस्ती नंतर करावी. क्रम उलटला, म्हणजे लाल रेघा आधी आल्या, तर मूल पुन्हा सुरक्षित अशा तयार उत्तराकडे वळते. मुलाने स्वतः विचार करण्याचे धाडस केले आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली, असे त्याला वाटू देऊ नये.

दोन आक्षेप

यावर शिक्षकांकडून दोन आक्षेप येतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला वेळेचा. एका कवितेला एवढा वेळ दिला तर अभ्यासक्रम पुरा कसा व्हायचा? याचे उत्तर असे, की सर्व कवितांना एवढा वेळ द्यावा लागत नाही. वर्षाच्या आरंभी दोन कविता या रीतीने पूर्ण शिकविल्या, की तिसरीपासून मुले स्वतः वाट चालू लागतात. उत्तरे उतरवून देण्याचा आणि ती पाठ म्हणून घेण्याचा जो वेळ वाचतो, तो हिशेबात धरला तर तोटा उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. पुष्कळ शिक्षकांचे स्वतःचे शिक्षण मराठीतून झाले. इंग्रजी कविता वर्गात मोठ्याने वाचण्याचा, एखाद्या प्रश्नाचे उत्तर न येण्याचा त्यांना संकोच वाटतो. या संकोचापोटीच मार्गदर्शक पुस्तिका हाती घेतली जाते. परंतु वर जे सांगितले त्यात शिक्षकाने इंग्रजीचा पंडित असावे अशी अट कोठेच नाही. आदल्या दिवशी कविता तीनदा मोठ्याने वाचावी, अडलेल्या शब्दांचा अर्थ व उच्चार शब्दकोशात पाहावा, शक्य तेथे भ्रमणध्वनीवर उच्चार ऐकावा. आणि वर्गात एखादा शब्द अडलाच तर, ‘उद्या पाहून सांगतो’ असे मोकळेपणाने म्हणावे. शिक्षकालाही शब्द शोधावा लागतो, हे पाहिलेले मूल शब्दकोशाला कधी भीत नाही.

या साऱ्याचे मोल पाच गुणांपुरते नाही. ज्या घरी इंग्रजीचे एकही पुस्तक नाही, तेथील मुलाला ही भाषा प्रथम भेटते ती अर्जाची, नियमांची आणि परीक्षेची भाषा म्हणून. तिच्यातही कोणी फुले पाहून हरखून जातो, कोणी एकटेपणी जुनी आठवण काढून सुखावतो, हे त्याला कवितेतूनच कळते. ते कळले की ती भाषा त्याला परकी उरत नाही, आणि तिचे भय ओसरते. शहरातील मुलाला हे घरी मिळण्याचा संभव असतो. आपल्या मुलाला ते मिळेल तर शाळेतच मिळेल, आणि शाळेने उतरवून घेतलेली चार वाक्येच दिली तर कोठेच मिळणार नाही.

तेव्हा यंदा उजळणीला आरंभ करताना प्रत्येक शिक्षकाने टिपणांची वही क्षणभर बाजूला ठेवावी, एक कविता निवडावी आणि मुलांची पुस्तके मिटवून ती दोनदा मोठ्याने वाचावी. नंतर विचारावे: मुलांनो, कोण बोलतो आहे? त्याला काय दिसले? पुढची वाट त्या प्रश्नांनी आपोआप उघडेल.